कराळे साहेब, लेफ्ट बॅक

पोस्टमननं पहिल्याच पत्राला नाव बदललं.
क्राउझे त्याच्या तोंडात बसेना,
म्हणून कराळे.
खाणीच्या हजेरीबुकातही मग तेच चढलं
आणि उमरझरीच्या बाया विचारू लागल्या,
हे कराळे वणीकडचे का परतवाड्याकडचे?

आला होता कोळशाच्या यंत्राबरोबर,
यंत्र जुळवून सहा महिन्यांत परत जायला.
उजव्या गुडघ्यावर टाके,
कापसाचा बोरा शिवावा तसे जाड,
आणि गळ्यात शिट्टी, चपलेच्या वादीत ओवलेली.

आमचं मैदान म्हणजे खाणीनं घेऊन ठेवलेलं वावर.
मे महिन्यात त्याला अशा भेगा
की घोट्यापर्यंत पाय जायचा.
तो वाकून भेगेत बोट घालून बघायचा,
ताप बघावा तसं,
आणि म्हणायचा, उद्या बादली. सगळे.

मराठी त्याला आम्हीच शिकवली,
म्हणजे ती आमच्यासारखीच निघाली:
"चेंडूकडं काऊन पाह्यतं बे? कमरेकडं पाह्य.
पाय खोटं बोलते. कंबर नाही बोलत."

गोल करायला सगळेच तयार होते.
मला त्यानं मागं उभं केलं,
कारण मी भांडलो नाही.

बाकी त्याचं आयुष्य तुकड्यातुकड्यानं कळलं,
चेंडूच्या चामड्याला बोकडाची चरबी चोळताना.
गाव बॉम्बनं जळालेलं. बाप रशियातून आलाच नाही.
आई पडलेल्या घरांच्या विटांवरचा चुना खरवडायची,
आणि हा दहा वर्षांचा, रुळांवर,
चालत्या वॅगनमधून कोळसा पाडणारा.
पायमोज्यात चिंध्या कोंबून पहिला चेंडू.
मोजा आईचा.
मग खाणकामगारांच्या क्लबात बॅक, तेरा वर्षं.
गोल?
एकच. आपल्याच जाळीत.
हे सांगताना तो हसला नाही,
आम्हीही नाही, सोनबा टेकाम सोडून.

एका रात्री सायडिंगवर
आमचा गुणवंत मडावी सापडला, पाठीवर कोळशाचं पोतं.
साहेब कंदील घेऊन गेला.
चौकीदार म्हणाला, चोर आहे हा.
तो म्हणाला, हो. मीपण.
आणि पोतं उचलून लंगडत लंगडत
गुणवंताच्या मायच्या चुलीपाशी नेऊन ठेवलं.
सकाळी गुणवंताला मैदानाच्या वीस फेऱ्या.
चोरीसाठी नाही, सापडला म्हणून:
"बॅकनं मागं पाह्यलं पाह्यजे."

सहा महिन्यांचे अकरा वर्षं झाले.

वणीची फायनल आम्ही खेळलो ती त्याच्या शेवटच्या वर्षी.
दोन मिनिटं उरली होती.
मी कंबर बरोबर पाहिली, पायही बरोबर टाकला,
आणि चेंडू माझ्या नडगीवरून
आमच्याच खांबाला लागून आत.
ट्रकात बसून सगळे गेले.
मी खांबाला टेकून बसलो होतो, खांब म्हणजे खाणीतलीच टेकूची बल्ली.
तो आला, शेजारी बसला. गुडघा सरळ ठेवून, अवघडत.
खिशातून तुरीच्या शेंगा काढल्या,
अर्ध्या माझ्या ओंजळीत.
बराच वेळ नुसता सोलण्याचा आवाज.
"आता दोघं झालो," म्हणाला.

त्या मैदानाच्या निम्म्यावर आज मातीचा डोंगर आहे,
खाणीतून उपसलेला, त्यावर बाभळी.
उरलेल्या निम्म्यात मी पोरींना शिकवतो.
प्रांजू कन्नाके लेफ्ट बॅक,
कोणाचंच ऐकत नाही, कंबर मात्र बघते.

त्याची पत्रं काही वर्षं येत राहिली.
आत त्यांच्या भाषेतलं काहीबाही,
फक्त पाठवणाऱ्याचं नाव देवनागरीत, पेन्सिलनं,
रा वरचा काना विसरलेलं:
करळे.

पोरी बादल्या घेऊन आल्या आहेत.
शिट्टी वाजवायची तर वादी तुटलीय, तोंडातच धरावी लागते,
आणि तोंडात शिट्टी असली की
मला ओरडता येत नाही.